राहणाऱ्या व्यक्ती : दोन

शिक्केवाल्याने खिशातून भिंग काढलं, यादीच्या तळाशी उमटलेल्या शिक्क्यावर धरलं आणि एक डोळा मिटला. यादी इस्त्रीवाल्याच्या दुकानाच्या दारावर चिकटवलेली होती. रस्ता रुंद व्हायचा होता आणि त्यात जाणारी एकोणीस घरं तीत ओळीने मांडलेली होती.

"खरा आहे का खोटा?" इस्त्रीवाल्याने आतून विचारलं.

"खरा. माझ्याच हातचा आहे."

"घ्या! आपल्याच शिक्क्याने आपलंच घर जायचं म्हणजे नशीब लागतं हो."

शिक्केवाला हसला नाही. एकतीस वर्षं तो शिक्के बनवत होता, आणि म्हणूनच शिक्का मारलेल्या कागदावर त्याचा कधी भरवसा बसला नाही. रबराचा एक तुकडा, लाकडी मूठ आणि अर्धा तास. एवढ्यात ‘मंजूर’ही होतं आणि ‘नामंजूर’ही. लोकांना ते माहीत नसतं, त्याला होतं.

भिंग वर सरकत नवव्या ओळीवर आलं. लांबी बरोबर, रुंदी बरोबर. दोन महिन्यांपूर्वी मोजणीवाले आले, तेव्हा तो टेपच्या मागे मागे फिरला होता. टेप कुठे ढिली पडते, कोण कुठला आकडा लिहितो, यावर त्याने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं होतं. मागची भिंत त्यांना दोनदा मोजायला लावली होती. आकडे त्याच्या स्वतःच्या वहीतही होते आणि ते इंचाला इंच जुळत होते.

शेवटच्या रकान्यावर भिंग थांबलं. राहणाऱ्या व्यक्ती : २.

"दोन कसे?" तो म्हणाला.

"काय दोन?"

"माझ्या घरात दोन माणसं लिहिलीत."

इस्त्री जागेवर थांबली. "तुमचा पुतण्या असतो ना हल्ली?"

"असतो कसला? येतो."

"येतो, जेवतो, कधीमधी झोपतो. कागदाला त्यातलं काय कळतंय? ज्याचं नाव कागदावर, त्याचा नव्या घरात वाटा. मी आपलं कानावर आलं ते सांगितलं हं. माझं नाव कुठे घेऊ नका." आणि त्याने शर्टाच्या कॉलरवर पुन्हा इस्त्री फिरवली.

शिक्केवाला घरी आला. दुकान पुढे आणि दोन खोल्या मागे. दुकानात भिंतीला लागून अक्षरांचे लाकडी खण होते आणि खणांपुढे एक बुटकं स्टूल. त्या स्टुलावर चार महिने कोणी बसलं नव्हतं. वाटेत येत असूनही त्याने ते हलवलं नव्हतं. येता जाता तो त्याला वळसा घालून जायचा.

मागच्या खोलीत खुंटीला पुतण्याचा शर्ट टांगलेला होता. कोपऱ्यात त्याची पिशवी होती आणि मोरीत त्याचा ब्रश. आजवर यातलं काहीच शिक्केवाल्याला खटकलं नव्हतं. आज त्याने सगळं एकेक करून पाहिलं. त्याला आठवलं, बायको गेल्यावर पंधरा दिवसांतच पुतण्या म्हणाला होता, "काका, मी इकडेच येऊन राहू का?" नंतर म्हणाला होता, "कागदपत्रं माझ्याकडे द्या, मी बघतो सगळं." तेव्हा बरं वाटलं होतं.

घर द्यायचं नाही, ही हरकत त्याने केव्हाच घेऊन पाहिली होती. घर माझं, माझ्या नावावर आहे. तुम्हाला रस्ता हवा म्हणून मी का उठायचं? दोन पानं लिहिली होती. उत्तर एका ओळीचं आलं : आपली हरकत विचारात घेऊन अमान्य करण्यात येत आहे. शेजारी ‘अमान्य’चा शिक्का, तोही त्याच्याच दुकानातला. आता फक्त यादीत चूक असेल तर तेवढीच दाखवता येणार होती, आणि तीही उद्या संध्याकाळपर्यंत.

त्याने कागद घेतला आणि लिहायला बसला. माझ्या घरात मी एकटा राहतो. माझ्या परवानगीशिवाय दुसरी व्यक्ती घुसवण्यात आली आहे. माझा संशय माझ्या पुतण्यावर आहे, तरी त्याच्यावर कारवाई व्हावी. ‘कारवाई’ या शब्दाशी तो जरा अडला. मग त्याने सही केली आणि पाकीट बंद केलं.

सकाळी पुतण्या कामावर जाण्याआधी आला. तो औषधांच्या दुकानात होता आणि काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तोच आणून द्यायचा. गोळ्यांची पट्टी त्याने टेबलावर ठेवली.

"यादी पाहिलीस?" शिक्केवाल्याने विचारलं.

"नाही. का?"

"माझ्या घरात दोन माणसं राहतात म्हणे. दुसरा कोण?"

"मला काय माहीत?"

"तुला माहीत नाही?"

पुतण्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खुंटीवरच्या शर्टाकडे पाहिलं. "काका, तुम्हाला काय म्हणायचंय ते एकदा सरळ म्हणा ना."

"घराची किल्ली दे."

पुतण्याने खिशातून जुडगा काढला. त्यातली एक किल्ली सोडवायला त्याला वेळ लागला. कडी घट्ट होती आणि नख सारखं निसटत होतं. त्याने ती किल्ली गोळ्यांच्या पट्टीशेजारी ठेवली. शर्ट काढून पिशवीत कोंबला.

"ऑफिसात जाणार असाल ना आज?" तो म्हणाला. "तीन जिने आहेत तिथे. मी येतो बरोबर."

"गरज नाही."

"गरज कोणाला आहे ते राहू द्या. काकूने सांगितलं होतं, यांना जिना एकट्याने चढू देऊ नकोस. मी तिचं ऐकतोय, तुमचं नाही."

म्हणजे नजर ठेवायला येतोय, असं शिक्केवाल्याच्या मनात आलं. त्याने पाकीट आतल्या खिशात सरकवलं आणि किल्ली बाहेरच्या.

तीन जिने दोघं चढून गेले. वरच्या मजल्यावर पुतण्या बाकावर बसला, आणि शिक्केवाला एकटाच आत गेला.

टेबलाशी बसलेल्या बाई मध्यमवयीन होत्या, आणि त्यांच्यापुढे फायलींची चळत होती. त्याने यादीतला नंबर सांगितला. "चूक आहे. दोन माणसं लिहिलीत."

"दोन नाहीत?"

"एक आहे. दुसरं नाव कोणी लिहायला लावलं, ते मला पाहायचंय. मूळ कागद दाखवा. प्रत नको, मूळ."

"बसा की आधी. धाप लागलीये तुम्हाला."

तो उभाच राहिला. बाईंनी फाइल शोधली, पानं उलटली आणि एक कागद त्याच्यासमोर धरला. "हा. मीच भरलाय हा फॉर्म. टेपवाल्यांबरोबर मीच आले होते तुमच्याकडे. आठवत नाही?"

त्याला टेप आठवत होती. मागची भिंत आठवत होती. बाई आठवत नव्हत्या.

त्याने भिंग काढलं. पहिली ओळ त्याची स्वतःची होती : नाव, वय, शिक्के बनवणे. दुसऱ्या ओळीत पुतण्याचं नाव असणार म्हणून त्याने पाकिटाकडे हात नेला. भिंग खाली सरकलं.

पत्नी. वय अठ्ठावन्न. शिक्क्यांची अक्षरं लावणे. मोजणीच्या वेळी बाहेर गेल्या होत्या.

त्याने भिंग उचललं, पुसलं आणि पुन्हा धरलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तुम्हीच की. मी विचारलं, घरात कोण कोण असतं? तुम्ही म्हणालात, आम्ही दोघं. तुमचं सगळं लक्ष टेपकडे होतं, पण पटापट सांगितलंत. मी म्हटलं, बाईंना बोलवा, त्यांचीही सही लागेल. तुम्ही म्हणालात, येईल एवढ्यात." बाईंनी ओळीच्या टोकाला बोट ठेवलं. "मी दहा मिनिटं थांबलेसुद्धा. मग म्हटलं, जाऊ दे, एकाची चालेल. ही बघा, तुमची सही."

सही त्याचीच होती. खोटी सही ओळखणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ होता. शेजारी तारीख होती. त्याने बोटांवर महिने मोजले, मग आठवडे, आणि मोजणं सोडून दिलं.

"आणि आता म्हणता, एकटाच," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात संशय होता. असे पुष्कळ जण त्यांनी पाहिले असणार. "मग बाई कुठे गेल्या?"

शिक्केवाला खुर्चीवर बसला. आतल्या खिशातलं पाकीट बरगडीला टोचत होतं.

"त्या दिवशी नव्हतीच," तो म्हणाला. "त्याच्याआधी दोन महिने गेली."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाहेर कोणीतरी मोठ्याने ताळेबंदाची फाइल मागत होतं. त्या म्हणाल्या, "मृत्यूचा दाखला आणलाय?"

"नाही. घरी आहे."

"नंतर आणून द्या. दुरुस्ती मी आज करून घेते, नाहीतर मुदत जाईल."

"नाही केली तर?"

"तर दोन राहतील."

"राहू दे मग."

"तसं नाही हो चालत." बाईंचा आवाज आता खाली आला होता. "ताबा द्यायच्या दिवशी ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना दारात उभं राहावं लागतं. आम्ही नाव पुकारतो. पुकारल्यावर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

त्याने मान हलवली.

बाईंनी पट्टी ठेवून दुसऱ्या ओळीवर रेघ मारली. मग खण उघडून शिक्का काढला. लाकडी मूठ शाईने काळी झाली होती, पण मुठीच्या पुढच्या बाजूला ठोकलेला पितळेचा बारीक खिळा चमकत होता. शिक्केवाल्याने लांबूनच तो ओळखला. कारकून घाईत शिक्के उलटे मारतात, म्हणून वरची बाजू अंगठ्याला कळावी यासाठी तो खिळा ठोकायची युक्ती त्याची नव्हती. अक्षरं लावून झाली की खिळाही तीच ठोकायची, जिभेचं टोक ओठांत धरून.

"जरा थांबा," तो म्हणाला. "असा नका मारू. शाई धरली आहे त्यात."

त्याने शिक्का हातात घेऊन उलटा केला. उलटी अक्षरं त्याला नेहमी अडखळत वाचावी लागायची. तिला नाही, ती सुलट्यासारखी वाचायची. जोडाक्षराच्या पोटात सुकलेली शाई बसली होती. टेबलावरची टाचणी घेऊन त्याने ती सावकाश कोरून काढली आणि रुमालाने रबर पुसलं. बाईंनी घाई केली नाही.

"मीच मारतो," तो म्हणाला.

त्याने शिक्का शाईच्या गादीवर टेकवला आणि खिळ्यावर अंगठा ठेवला. रेघ मारलेल्या ओळीवर तो सरळ धरला आणि दाबला. जरा जास्तच वेळ दाबून ठेवला.

‘रद्द.’ दोन्ही अक्षरं कडेला कड लागून, स्वच्छ.

"छान उठलाय की," बाई म्हणाल्या, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

"अक्षरं चांगली लावली होती," तो म्हणाला. त्याने सही केली आणि उठला. "शाई महिन्यातून एकदा तरी कोरत चला."

बाकावर पुतण्या पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. काकांना पाहून तो उठला, पण पुढे आला नाही.

"कळलं का, दुसरा कोण ते?"

"कळलं."

"कोण?"

शिक्केवाल्याने आतल्या खिशातलं पाकीट बाहेर काढलं, दोनदा फाडलं आणि तुकडे बाकाशेजारच्या डब्यात टाकले. पुतण्या त्या तुकड्यांकडे पाहत होता. शिक्केवाल्याने मग बाहेरच्या खिशात हात घालून किल्ली काढली. अंगठ्याची शाई किल्लीला लागली होती. ती त्याने शर्टाला पुसली आणि पुतण्यापुढे धरली.

"उद्या लवकर ये," तो म्हणाला. "ते अक्षरांचे खण भिंतीवरून उतरवायला हवेत. एकट्याला नाही जमायचं."

पुतण्याने किल्ली घेतली. कडी उघडायला त्याला परत तेवढाच वेळ लागला. तो जुडगा खिशात टाकेपर्यंत शिक्केवाला जिन्याच्या तोंडाशी थांबला होता, कठड्याला हात न लावता.