विटांपलीकडचे पराग

थोरलीने बारीक ब्रश विटांच्या रेषेपलीकडे नेला आणि धाकटीच्या निवडुंगाच्या फुलात अलगद फिरवला. टोकाला पिवळे पराग चिकटले.

"चोरीला बरी वेळ साधलीत, वहिनी!"

धाकटी गच्चीवरच्या आपल्या खोलीच्या दारात उभी होती. तीन वर्षांनी तोंड उघडले, तेही असे.

सासूबाई गेल्यावर गच्चीची वाटणी झाली, तशी कुंड्यांचीही. त्यांचा जुना निवडुंग थोरलीने भांडून घेतला आणि दोघी जावांची बोलचाल बंद झाली. आता त्याच झाडाला बुडातून सड लागली होती. शेंडा कापून लावायचा प्रयत्न दोनदा फसला होता. उरले होते एकच फूल, निदान त्याचे बी तरी हाती लागावे म्हणून थोरलीचा जीव तुटत होता. पण या जातीत बी धरायला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात आणि दुसरे झाड होते धाकटीकडे.

नवरा सकाळीच म्हणाला होता, "फळ पिकायला दोन महिने. तोवर हे उभं राहणार आहे का? त्यापेक्षा याचेच पराग तिच्या झाडाला लाव."

तिने त्याला असे फैलावर घेतले की तो अर्धा चहा टाकून उठला. बी धरेल तर आपल्याच झाडावर, हा तिचा हेका.

"चिमूटभर परागांनी तुझं काय झिजतंय गं?"

"आईंचं झाड हिसकावून नेलंत, कुजवलंत. आता माझंही ओरबाडा!"

"आईंनी बी धरायचं काम मला शिकवलं होतं. तू होतीस नुसती पाणी घालायला."

ते वर्मी लागले. धाकटी तरातरा आली, कात्रीने यंदाची सातही फुले कचाकच कापली आणि थोरलीच्या पायांशी फेकली.

"घ्या! धरा बी!"

दार धाडकन लागले. थोरली संतापली, पण पराग कशाला सोडायचे, म्हणून एकेक फूल उचलू लागली. पाचव्याच्या देठाला दोरा होता आणि दोऱ्याला चिठ्ठी. पराग लावलेल्या फुलाला अशी खूण बांधायची ही सासूबाईंची रीत. चिठ्ठीवर धाकटीचे किरटे अक्षर होते, 'आईंच्या झाडाचे पराग', आणि खाली कालची तारीख.

म्हणजे काल तीही चोरून विटा ओलांडून आली होती! आता हिची चांगली जिरवते, म्हणून थोरली चिठ्ठी नाचवत दाराकडे निघाली आणि मध्येच थबकली. धाकटीचे झाड ठणठणीत होते. त्यावर हे फळ दोन महिने निवांत पिकले असते.

तिने दारावर थाप मारली.

"आईंच्या झाडाचे पराग आणखी कुठे लावलेस का गं?"

कडी न काढताच धाकटी आतून म्हणाली, "नाही. तेवढंच होतं."