आकारामतात्यांचा मंतर

गुणमालेला फ्रेंच येत होतं, पण ही भाषा जगात खरोखर कुणी बोलतं यावर तिचा मनातून विश्वास नव्हता.

असणार तरी कसा? सांगलीत दोन वर्षं ती देशिंगकर सरांकडे शिकायला जात होती. सर निवृत्त प्राध्यापक. त्यांनी फ्रेंच पुस्तकांतून शिकलेलं, आणि जन्मात एकही फ्रेंच माणूस पाहिलेला नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. माणूस प्रामाणिक होता. त्यांनी व्याकरण घोटून घेतलं, उताऱ्यांमागून उतारे करून घेतले, आणि गुणमाला देवळातल्या स्तोत्रांच्या चालीवर क्रियापदांची रूपं म्हणायला लागली. माजघरात ती सुरू झाली की काका विचारायचे, ही आरती कुठल्या देवाची म्हणायची.

दिल्लीच्या विद्यापीठात फ्रेंच शिकायचं तर आधी प्रवेश परीक्षा होती. लेखी, मग तोंडी. लेखीची तिला भीती नव्हती. तोंडीचं नाव काढलं की मात्र तिची जीभ टाळूला चिकटायची. सरांनी सरावासाठी साधं नाव विचारलं तरी ती उत्तर आधी मनात लिहायची, तपासायची आणि मग वाचून दाखवायची. तोवर सर पुढच्या प्रश्नावर गेलेले असत. तिचे वडील भूपालअण्णा हळदीचे व्यापारी, शब्दाचे पक्के. त्यांनी सांगून ठेवलं होतं की यंदा प्रवेश मिळाला तर दिल्ली, नाहीतर बघायला येतो म्हणणाऱ्यांना तारीख द्यायची. ते हे रागानं बोलले नव्हते, त्यामुळे वाद घालायलाही जागा नव्हती.

भूपालअण्णांच्या वखारीवर मानसिंग नावाचा रखवालदार होता. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, म्हसवडच्या अलीकडच्या एका गावचा. पोरीचा घोर त्याच्याही कानावर गेला. तो म्हणाला, आमच्या गावात आकारामतात्या म्हणून एक म्हातारा आहे, तो साठेक वर्षांमागं, पहिल्या महायुद्धात, खेचरांच्या तुकडीबरोबर फ्रान्सला गेला होता, दोन हिवाळे तिकडं राहिलाय. एवढ्या आधारावर बापलेक एसटीनं विट्यावरून निघाली. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं.

तात्या ऐंशीच्या घरातले, पण ताठ. फ्रान्सचं विचारल्यावर म्हणाले, "बघितलंय की. लय चिखल." भाषेचं मात्र काही आठवत नाही म्हणाले. तरी एवढ्या लांब आलोय तर म्हणून गुणमालेनं पुस्तक काढलं आणि एक अख्खा उतारा न अडखळता वाचून दाखवला. तात्यांनी मान डोलावत शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"ब्येस वाचती पोरगी," ते भूपालअण्णांना म्हणाले. "पर ही भाषा कंची म्हनायची?"

भूपालअण्णांनी खाली बघितलं. गुणमालेला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या माणसानं दोन हिवाळे फ्रेंच ऐकलं, त्याला तिचं फ्रेंच ओळखूसुद्धा आलं नव्हतं. परतीची एसटी दुसऱ्या दिवशी होती, म्हणून केवळ मुक्काम झाला. तात्यांची सून राहीबाई, तिनं जैनांची लेक आली म्हणून दिवस मावळायच्या आत कांदा न घालता पिठलं-भाकरी केली.

सकाळी अंगणात माणसं गोळा झालेली दिसली. शेजारचा गुंडा नावाचा शेतकरी आपली म्हैस घेऊन आला होता. पान्हा चोरत होती, कासेला हात लावला की लाथ. अशी म्हैस तात्यांकडे आणायची हा गावाचा रिवाज, कारण तात्यांना मंतर येतो. तो त्यांना म्हसवडच्या सिद्धनाथ देवानं दिला असं बायका सांगत, आणि तात्यांनी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

तात्या चरवी घेऊन उकिडवे बसले. म्हशीच्या कुशीला त्यांनी कपाळ टेकवलं आणि हळू आवाजात मंतर म्हणायला सुरुवात केली.

"दूसमाँ, मा बेल... दूसमाँ..."

गुणमालेच्या अंगावर सरसरून काटा आला. हळू गं, माझ्या सुंदरी, हळू. शब्द तिचेच होते, पुस्तकातलेच. पण त्यांत ऊब होती, लाडीगोडी होती, एका बाईचा थकलेला, मऊ आवाज होता. पुढं आणखी येत गेलं. बाहेर थंडी आहे, ठाऊक आहे मला. बादली नको लवंडूस. शहाणी माझी बाय. म्हशीनं कान पाडले, पाय सैल सोडला आणि चरवीत दुधाची धार वाजायला लागली. फ्रेंच समजणारा पहिला जीव गुणमालेनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, आणि ती माणदेशातली एक म्हैस होती. तिला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी तिचे डोळे भरून आले, आणि देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहावं तशी ती हात जोडून उभी राहिली. हे जोडलेले हात तिला स्वतःलाही बऱ्याच वेळानं दिसले.

माणसं पांगल्यावर तिनं तात्यांना गाठलं. हा मंत्र नाही, फ्रेंच आहे, असं सांगितलं. तात्या म्हणाले, असेल. त्यांना ती भाषा वाटलीच नव्हती, ते मादामचं बोलणं होतं. मादाम म्हणजे ज्या शेतकरणीच्या गोठ्यात त्यांची खेचरं बांधलेली असत ती. तरणी विधवा, नवरा लढाईत गेलेला. हिला कामाला गडी नाही, म्हणून तात्या सकाळी तिच्या गायींचं शेण काढायचे, आणि ती धार काढताना गायीशी बोलायची. ते बोलणं त्यांच्या कानात राहिलं. घरी आल्यावर म्हशीजवळ बसले की आपोआप तोंडात यायचं, इतकंच.

गुणमालेनं त्या दिवशीची एसटी सोडली. राहीबाईच्या भरवशावर भूपालअण्णा तिला आठवडाभर ठेवायला तयार झाले. म्हशीकडून फ्रेंच शिकायला पोरगी गावात ठेवली हे घरी कसं सांगायचं, याचा विचार करतच ते गेले.

तात्यांना शिकवता येत नव्हतं. नुसतं विचारलं तर एक शब्द आठवायचा नाही. म्हशीजवळ बसले की सुरू व्हायचे. म्हणून गुणमालाही चरवी घेऊन म्हशीखाली बसू लागली. पहिले दोन दिवस म्हशीनं तिला जवळ उभं केलं नाही.

"तू तिला वाचून दावतीयास पोरी," तात्या म्हणाले. "वाचून दावू नगंस. तिच्याशी बोल."

म्हशीशी काय बोलायचं हे तिला कळेना. मग एका सकाळी म्हशीनं अचानक पाय उचलला आणि गुणमाला घाबरून बोलून गेली. हळू, हळू, मीच आहे, असं काहीतरी, फ्रेंचमध्ये, मनात आधी न लिहिता. पाय खाली आला. धार लागली. आपल्या तोंडून निघालेला शब्द एका जिवानं ऐकला आणि मानला, याचं तिला इतकं नवल वाटलं की चरवी भरून सांडायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

गुरं चरायला सोडताना तात्या रोज वेशीपर्यंत जायचे, आणि म्हसरं पुढं निघाली की त्यांच्या पाठीमागं एक वाक्य म्हणायचे. "रव्याँ, ज ताताँ." गुणमालेला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. तात्यांनाही ठाऊक असेल असं धरून ती गप्प होती. निघायच्या दिवशी तिनं सहज विचारलं, हेही मादाम गायींना म्हणायची का.

"न्हाई, गायीला न्हाई," तात्या म्हणाले. "आमची पलटण हलली तवा म्हनली ती. दारात उभी ऱ्हाऊन, मला. मागं बघितलं तर अजून तिथंच. जाणाऱ्याला म्हनायचं काय असंल, म्हून मी म्हसरांस्नी म्हनतो. काय असंल गं ते?"

गुणमालेला क्षणभर वाटलं, जाऊ दे, सांगू नये. मग वाटलं, ज्यानं आपल्याला ही भाषा जिवंत करून दाखवली त्याच्यापासून त्याचंच वाक्य कसं लपवायचं. तिनं सांगितलं.

"परत ये. मी तुझी वाट बघतेय."

म्हसरं ओढ्याच्या वळणाआड जाईतोवर तात्या तिकडं बघत राहिले. साठ वर्षं रोज सकाळी हा माणूस हे म्हणत होता.

"म्हून व्हय," ते शेवटी म्हणाले, "म्हसरं सांजंला आपली आपण माघारी येत्यात." मग त्यांनी विचारलं, "आन जाणाऱ्यानं? त्यानं काय म्हनायचं असतं?"

"वी, ज रव्याँद्रे," गुणमाला म्हणाली. "हो, मी परत येईन."

आपण हे मनात लिहिलं नाही, तपासलं नाही, हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. तात्यांनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणून बघितलं, पहिल्यांदा अडखळत, मग नीट.

"एवढंच व्हय," ते म्हणाले. "एवढंच हुतं."

दिल्लीला तोंडी परीक्षा घ्यायला एक फ्रेंच बाई होत्या. आयुष्यातली पहिली फ्रेंच व्यक्ती समोर बसलेली बघून गुणमालेची जीभ टाळूकडे निघालीच होती. तेवढ्यात त्या बाई काहीतरी मऊ आवाजात म्हणाल्या, आणि तिला शेणाचा, दुधाचा वास आला. ती बोलायला लागली. वीस मिनिटं बोलली. यादीत तिचं नाव लागलं, आणि भूपालअण्णांनी वखारीतल्या हमालांनासुद्धा पेढे दिले.

दिवाळीला ती सांगलीत आली तेव्हा मानसिंगनं गावची खबर दिली. तात्या बरे आहेत. मंतर मात्र वाढलाय म्हणे. म्हसरं वेशीबाहेर पडली की ते नेहमीचं म्हणतात, मग जरा थांबतात, आणि मान वळवून आणखी एक बारकं वाक्य म्हणतात, म्हशींना नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी. सिद्धनाथानं म्हाताऱ्याला उरलेला अर्धा मंतर दिला, असं बायका सांगतात.