जावईबापूंचा मोठा आवाज

मी ॲम्प्लिफायर बोलतोय. आवाज जरा चिरका येईल, सांभाळून घ्या. माझी पुढची पट्टी लाथेने आत गेली आहे. ज्याने लाथ घातली त्याचंच सांगायला बसलोय.

माझा जन्म रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकानाचे मालक नाना. त्यांनी मला हाताने जुळवलं. त्यांची एकुलती पोर शेजारी बसून बघायची. कुठली वायर कुठे जाते हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. लग्नात नानांनी मला तिच्याबरोबर धाडलं. "गाणी ऐक, सुखात राहा," म्हणाले. भोळा माणूस.

जावईबापूंना गाण्याचा कान नव्हता, हात मात्र सैल होता. पहिली थोबाडीत बसली ती चहा गार झाला म्हणून. दुसऱ्या वेळी त्यांनी आधी माझं बटण फिरवलं. मग ते नेहमीचंच झालं. हॉलमध्ये गाणं दणाणून सोडायचं आणि तिला केसांना धरून स्वयंपाकघरात ओढत न्यायचं. पट्टा, लाटणं, एकदा तर कुकरचं झाकण. ती किंचाळायची आणि मी तिच्यावर आवाज चढवायचो. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण बटण फिरलं की आमच्या जातीला गप्प बसता येत नाही.

एकदा शेजारच्या मास्तरीणबाईंनी जिन्यात जावईबापूंना विचारलं, "काल तुमच्याकडे कोण रडत होतं हो?"

त्याच आठवड्यात जावईबापूंनी दुसरा ॲम्प्लिफायर आणला. चकचकीत, निळ्या दिव्यांचा, माझ्या दुप्पट ताकदीचा. आम्हा दोघांना एकत्र जोडायला बसले, पण जमेना. तासभर तारांशी झटापट केली आणि शेवटी तिलाच हाक मारली.

"तुझ्या बापाचा धंदा ना हा? जोड. नवा हॉलमध्ये वाजू दे, जुन्याचे स्पीकर गॅलरीत लाव. बाहेरच्यांना फक्त गाणंच ऐकू गेलं पाहिजे."

"लावते," ती म्हणाली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हा मोडलेली होती.

तिने नव्यातलं गाणं वायरने माझ्यात आणलं. हॉल आणि गॅलरी एकदम वाजली. जावईबापू खूश. "आता बोंबल किती बोंबलायचं ते," म्हणाले.

रविवारी सकाळी ते आंघोळीला गेले आणि तिने ती वायर उपसली. माझ्या पाठीला माईकची एक खोबण आहे, नानांनी हौसेने ठेवलेली. तिच्यात माईकची लांब वायर खोचली. माईक स्वयंपाकघरात डब्यांमागे दडवला. माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"आज माझ्या बाजूने ओरड रे," ती म्हणाली.

शर्टाचं बटण तुटलेलं निघालं, तेवढं निमित्त पुरलं. जावईबापूंनी नवा सुरू केला. भिंती हादरल्या. तिला आत ढकलून त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

पट्ट्याचा पहिला फटका मी जसाच्या तसा रस्त्यावर टाकला. दुसरा, तिसराही. शिव्या टाकल्या, एकही न गाळता. तिचं डोकं ओट्यावर आपटलं तो आवाज टाकला. "आज तुला जिवंत सोडत नाही," तेही टाकलं. खाली भाजीवाल्याने तराजू ठेवला आणि वर बघितलं. मी बाहेर काय ओततोय, हे जावईबापूंना त्यांच्याच गाण्यात ऐकू आलं नाही. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा, दुसरं काय.

जिना धडधडला. दोन दारं फुटली. "सोड तिला," मास्तरीणबाई म्हणाल्या. माईक चालूच होता, म्हणून तेही मी रस्त्याला सांगितलं. तेव्हा कुठे जावईबापूंच्या डोक्यात प्रकाश पडला. ते माझ्यावर धावले. लाथ घातली, मग खुर्ची घातली. चौघांनी धरेपर्यंत माझा ट्रान्सफॉर्मर उखडला होता.

तिच्या तीन बरगड्या मोडल्या, पण जीव वाचला. आता नानांचं बंद पडलेलं दुकान तिने पुन्हा उघडलंय, असं इथला हवालदार सांगत होता. मी पोलीस ठाण्याच्या कोठीत आहे, गळ्यात नंबराची चिठ्ठी. मी साक्षीदार झालोय म्हणे. खटला संपला की ती मला न्यायला येईल. नाही दुरुस्त झालो तरी चालेल. इतकी वर्षं मी तिचं तोंड दाबलं, त्याची थोडीतरी फेड झाली.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. शेजारच्या घरात भर दुपारी गाण्याचा आवाज एकाएकी वाढला, तर आपली खिडकी लावून घेऊ नका. जाऊन बेल दाबा. गाणं संपायची वाट बघू नका.