वज्रपंजा आणि सायन्सचे सर

ग्वाल्हेरला सिटी सेंटरच्या मागच्या मॅरेज गार्डनमध्ये त्या गुरुवारी सकाळी दहालाच बसायला खुर्ची उरली नव्हती. ज्या स्टेजवर एरवी नवरा-नवरी लाल सोफ्यावर बसून फोटो काढून घेतात, तिथला सोफा हटवून चार खांब ठोकले होते, त्यांना दोर बांधले होते आणि झालं कुस्तीचं रिंगण. रिंगणात भगवी लुंगी नेसलेला, साडेसहा फूट उंचीचा, सत्तरीला टेकलेला एक माणूस डोळे मिटून उभा होता. शेजारी त्याचा मॅनेजर माइक तोंडात घातल्यासारखा धरून ओरडत होता.

"भाइयो और बहनो, टीवी पर जिस पंजे से बड़े-बड़े पहलवान ढेर हुए, आज उसी पंजे से बीमारी ढेर होगी. शुगर, बीपी, गठिया, कोर्ट-केस, बहू की ज़बान. महाराज का हाथ माथे पर, और तकलीफ़ चारों खाने चित."

एकेक माणूस दोराखालून आत जात होता. महाराज त्याच्या कपाळावर तळहात ठेवत आणि तो माणूस झाडासारखा मागे कोसळे. मागचे दोन चेले त्याला अलगद झेलून गादीवर निजवत. दोन मिनिटांनी तो उठे, डोळे पुसे, आणि बायका हात जोडत. बाजूला तांब्याची कडी विकायला होती: एका पायावर उभ्या माणसाचा पसरलेला हात चेला दाबे आणि तो कलंडे, कडं घातल्यावर मात्र तोच माणूस हलत नसे.

तिसऱ्या रांगेत लक्ष्मीकांत टिळवे बसला होता. वय अठ्ठेचाळीस, बारावीला केमिस्ट्री शिकवणारा मास्तर आणि शहरातल्या विवेक मंडळाचा सचिव. मंडळात एकूण सात सभासद होते, पण लिंबातून रक्त काढणाऱ्या एका तांत्रिकाला त्याने कंपू भागात भर चौकात उघडं पाडलं होतं आणि तेव्हापासून तो स्वतःवर जरा खूश असे. आज 'तपासणी'साठी आलोय, असं त्याने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं.

ते पूर्ण खरं नव्हतं. त्याच्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक जुना फोटो होता आणि त्या फोटोवर त्याला महाराजांची सही हवी होती.

त्याचं असं होतं की हे महाराज म्हणजे पूर्वीचा फौलाद वज्रसिंह. लक्ष्मीकांत चौदा वर्षांचा असताना त्यांच्या दाना ओली मोहल्ल्यात नुकतंच केबल आलं होतं आणि दर रविवारी बाराला 'फौलाद की टक्कर' लागायचं. समोरच्या घरी टीव्ही, त्याच्यापुढे गल्लीतली वीस पोरं, आणि त्यांत लक्ष्मीकांत आणि त्याची तीन वर्षांनी मोठी बहीण शामलाताई. खलनायक चड्डीतून भुकटी काढून डोळ्यांत फेकायचा. त्या वेळी पंच नेमका बुटाची नाडी बांधत असायचा. कॉमेंट्री करणाऱ्याचा गळा दर रविवारी नव्याने बसायचा. वज्रसिंह रक्तबंबाळ व्हायचा, गुडघ्यावर यायचा, आता संपलं असं वाटायचं, आणि मग तो उजवा हात हळूच वर उचलायचा. वज्रपंजा. तो कपाळावर टेकला की समोरचा कोणीही असो, मागे कोसळणार.

घरी येऊन शामलाताई पंजा उगारायची आणि लक्ष्मीकांत पडायचा. गादीवर, मग सतरंजीवर, मग सराव वाढल्यावर नुसत्या फरशीवर. ताई पडायला कधी तयार होत नसे.

अलीकडे कोणीतरी ते सगळे भाग इंटरनेटवर टाकले होते. लक्ष्मीकांत दर रविवारी एक बघे आणि त्याखाली लांबलचक अभिप्राय लिही. ही मारामारी ठरवून केलेली असते हे त्याला ठाऊक होतं. विजेत्याच्या बेल्टचा पुठ्ठा आता त्याला दिसे, एका भागात तर खलनायक पडल्या पडल्या वज्रसिंहाच्या कानात पुढचा डाव सांगताना दिसतो, तेही त्याने लिहिलं होतं. पण वज्रपंजाविषयी त्याने कधी चेष्टेचं एक अक्षर लिहिलं नाही.

"अपने बीच साइंस के एक मास्टरजी बैठे हैं," मॅनेजर माइकवर म्हणाला. लिंबूवाल्याचं प्रकरण पेपरात फोटोसकट आलं होतं, आणि मॅनेजरने गावाचा अभ्यास केलेला दिसत होता. "आइए मास्टरजी. जाँच कर लीजिए."

लक्ष्मीकांत गेला. दोराखालून वाकून आत जाताना त्याने खिशातला फोटो एकदा चाचपून बघितला. मॅनेजरने त्याला टाचा जुळवून उभं केलं, मान मागे टाकून आभाळाकडे बघायला सांगितलं. वज्रसिंहाचा प्रचंड हात वर गेला, अगदी तसाच, हळूच. तळवा कपाळाला टेकला.

आणि विवेक मंडळाचे सचिव मागे कोसळले. नुसते कोसळले नाहीत, पडताना त्यांनी दोन्ही हात पसरले आणि एक पाय झटकला, अगदी टीव्हीत पडायचे तसे.

त्याची क्लिप दुपारपर्यंत निम्म्या ग्वाल्हेरने पाहिली. 'साइंस के मास्टर भी ढेर', असं त्यावर लिहिलं होतं. मंडळाच्या ग्रुपवर भयाण शांतता होती. लक्ष्मीकांतने खुलासा लिहायला घेतला. 'मी पडलो याची कारणे पुढीलप्रमाणे' इतकं लिहून तो थांबला, कारण कारणं त्याला माहीत नव्हती. उलट जुन्या भागांखाली चाहते त्याचं कौतुक करत होते. 'भाई, तुमने असली पंजा खाया,' असं एकाने लिहिलं होतं, आणि ते लक्ष्मीकांतने चार वेळा वाचलं. खुलासा उद्या लिहू, असं त्याने ठरवलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला.

रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. अवंतिका शामलाताईची मुलगी, फिजिओथेरपिस्ट, एरवी शांत बोलणारी.

"मामा, कंपूतल्या हॉस्पिटलात या. आईला भरती केलंय."

शामलाताईला बारा वर्षं मधुमेह होता, रोज इन्शुलिन घ्यावं लागे. आदल्या दिवसापासून तिला उलट्या होत होत्या, आणि सकाळी ती धड बोलेनाशी झाली तेव्हा अवंतिकाने तिला उचलून आणलं. इन्शुलिन तिने शुक्रवारपासूनच सोडलं होतं आणि रक्तातली साखर इतकी वाढली होती की घरच्या मीटरवर आकडाच येईना.

"इंजेक्शन का सोडलं?" लक्ष्मीकांतने कॉरिडॉरमध्ये विचारलं.

अवंतिकाने पर्समधून एक तांब्याचं कडं काढून त्याच्या हातात ठेवलं. वर 'वज्र' असं कोरलेलं होतं.

"शुक्रवारी गेली होती. त्याने पंजा ठेवला, हे घातलं, म्हणाला, सुई अब बंद. इंजेक्शन सोडल्याचं माझ्यापासून लपवलं, आज कळलं. काल मी नुसतं कड्याचं विचारलं तर काय म्हणाली माहितेय? म्हणाली, लक्ष्या देवाला हात जोडत नाही, तो पडला. काहीतरी असेल म्हणूनच पडला ना."

लक्ष्मीकांत बाकावर बसला. लिंबूवाल्याला तो भर चौकात म्हणाला होता, तुझ्यामुळे एखाद्याचा जीव जाईल. ते वाक्य त्याला टाळ्यांसकट आठवलं.

"मामा, तुम्ही पडलात कसे, सांगू का?" अवंतिका म्हणाली. "मी क्लिप बघितली. उभे राहा."

तिने त्याला टाचा जुळवायला लावल्या, मान मागे टाकायला लावली. "आता तुमचा तोल टाचांवर गेला. या पोझिशनमध्ये माणसाला एक बोट पुरतं." तिने कपाळावर एक बोट ठेवलं आणि लक्ष्मीकांत भिंतीवर जाऊन आदळला. "आणि मागचा चेला खांदा ओढतो, क्लिपमध्ये साफ दिखता है. पण तुमचं वेगळंच आहे. हे बघा." तिने मोबाइलवर क्लिप थांबवली. तळवा कपाळापासून वीतभर दूर होता आणि लक्ष्मीकांतचे गुडघे आधीच वाकले होते. "हात लागायच्या आधी पडायला लागलात. चेल्याचीही गरज नव्हती."

लक्ष्मीकांत त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिला. चेहऱ्यावर इतका आनंद त्याने स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही पाहिला नव्हता.

"आणि हे कडं?" त्याने विचारलं.

"तो हात दाबायचा खेळ तर आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा करून दाखवतात. उद्या चलते हैं, तिथेच दाखवते."

सोमवारी शिबिराचा शेवटचा दिवस होता. लक्ष्मीकांत पहिल्या रांगेत बसला आणि त्याला जे वाटलं होतं तेच झालं. मॅनेजरने त्याला पाहिलं आणि आनंदाने माइकवर म्हणाला, "देखिए, साइंस के मास्टरजी फिर आ गए. आइए, दुनिया को अपना अनुभव बताइए."

लक्ष्मीकांतने माइक घेतला. त्याच्यामागून अवंतिका दोराखालून आत शिरली.

"मी लक्ष्मीकांत टिळवे," तो म्हणाला, आणि मग समोरची गर्दी बघून हिंदीत वळला. "गुरुवार को मैं यहाँ गिरा था. क्यों गिरा, ये बताने आया हूँ. मैं चौदह साल की उमर से इस पंजे से गिरता आ रहा हूँ. मुझे गिरना था, इसलिए गिरा. देखिए."

त्याने अवंतिकाला इशारा केला. तिने हात उचलला, त्याच्या कपाळापासून चांगला हातभर दूर, आणि लक्ष्मीकांत धाडकन पडला. हात पसरून, पाय झटकून, गुरुवारपेक्षाही छान. मग मागच्या रांगेतून एक म्हातारी खुदकन हसली, आणि हसू पुढे पुढे येत गेलं.

मॅनेजर माइक हिसकायला धावला, तेव्हा गर्दीतूनच कोणीतरी म्हणालं, "अरे रुको, बोलने दो."

जिममध्ये शिकवणारा राजवर्धन नावाचा एक दणकट तरुण कडं विकत घेऊन नुकताच रांगेतून बाहेर पडला होता. अवंतिकाने त्याला वर बोलावलं, कडं काढून ठेवायला लावलं, एका पायावर उभं करून एक हात बाजूला पसरायला सांगितलं. मग मनगटावर दाब दिला. राजवर्धन लगेच कलंडला.

"कड़ा नहीं था, इसलिए गिरा," मॅनेजर ओरडला.

"ठीक है," अवंतिका म्हणाली. तिने केसांचं रबर काढलं आणि राजवर्धनच्या मनगटात घातलं. पुन्हा दाब दिला, या वेळी ओणवून, सगळा जोर लावून. राजवर्धन हलला नाही. लोक टाळ्या वाजवू लागले, तेव्हा तिने त्यांना थांबवलं.

"हे रबर बाजारात कुठेही मिळतं. यात काही नाही. पहिल्यांदा मी हात खाली आणि बाहेरच्या बाजूला दाबला, त्याचा तोल गेला. दुसऱ्यांदा कोपराजवळ, शरीराच्या दिशेने दाबला. तसं दाबलं तर कोणीच पडत नाही." हेच तिने हिंदीत सांगितलं आणि लोकांना उठून एकमेकांवर करून बघायला लावलं. पाच मिनिटांत अख्खं मॅरेज गार्डन एका पायावर उभं होतं. नवरे बायकांना पाडत होते, बायका नवऱ्यांना.

मग लक्ष्मीकांत म्हणाला, "आता महाराजांनी एवढंच करावं. पाच जणांच्या मनगटांवर रुमाल बांधू. एकाच्याच हातात कडं असेल. कोणाच्या, ते त्यांनी फक्त दाबून सांगावं."

"भगवान की परीक्षा नहीं ली जाती," मॅनेजर म्हणाला.

"हमारी बहन की ली गई," लक्ष्मीकांत म्हणाला. "वो अस्पताल में है. इन्शुलिन छुड़वाया आपने."

त्यावर हसू थांबलं. रांगेतल्या दोन बायका हळूच मागे फिरल्या. एकीने औषधाची पिशवी पदराखालून बाहेर काढून घट्ट धरली होती.

स्टेजमागे, जिथे लग्नात आचारी बसतात, तिथे वज्रसिंह एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. लुंगी वर सरकवलेली, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. लक्ष्मीकांत भांडायला म्हणून गेला होता.

"घुटने दोनों गए, मास्टरजी," वज्रसिंह त्याच्याकडे न बघता म्हणाला. "पंजे में कुछ होता, तो पहले यहीं रखता."

"मग हे कशाला करता? रिंगणात तुम्ही खोटं करायचात ते आम्हाला आवडायचं. तिथे पडणाऱ्याला माहीत असायचं की आपण का पडतोय. माझ्या बहिणीला माहीत नव्हतं."

वज्रसिंहाला मराठी किती कळलं कोण जाणे. त्याने मान खाली घातली आणि विचारलं, "बहन बच जाएगी?"

"हाँ."

"अच्छा," तो म्हणाला.

खिशात फोटो होताच. सही घ्यावी असं त्या क्षणीसुद्धा वाटलं, हे लक्ष्मीकांत आता आपल्या व्याख्यानात स्वतः सांगतो आणि लोक हसले की तोही हसतो. पण त्याने फोटो बाहेर काढला नाही. तिथून तो थेट पोलीस ठाण्यात गेला आणि लेखी तक्रार दिली. दुपारनंतर स्टेजवरचे खांब निघाले. जाता जाता चारपाच जणांनी तरीही कडी विकत घेतली, हेही सांगायला हवं.

शामलाताई बुधवारी उठून बसली. लक्ष्मीकांत तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसला आणि त्याने कबुली दिली. पडलो का, ते सांगितलं. खुलासा तीन दिवस का लिहिला नाही, तेही सांगितलं, आणि ते जास्त अवघड गेलं. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"चुकलो ताई. आता तरी माझं ऐक, इन्शुलिन सोडू नकोस."

"तुझं ऐकूनच तर इथे आले," शामलाताई म्हणाली. "तू पडलास म्हणून सोडलं. आता तू म्हणतोस म्हणून घ्यायचं, हे काही मला पटत नाही. ते मशीन दे इकडे."

तिने स्वतः बोट टोचलं, पट्टीवर थेंब ठेवला आणि चष्मा लावून आकडा वाचला. सकाळी इंजेक्शनच्या आधी किती होता आणि आता किती आहे, हे तिने अवंतिकाला दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "हं. उतरलीये. घेईन."

लक्ष्मीकांतने इतकी वर्षं लोकांना जे सांगितलं, ते त्याला त्या दिवशी नीट कळलं. बाबावर विश्वास ठेवू नका, एवढं म्हणणं अर्धं झालं. मास्तरावरही ठेवू नका, टीव्हीतल्या हिरोवर ठेवू नका, आणि आपल्याला जे फार मनापासून खरं असावंसं वाटतं, त्यावर तर मुळीच ठेवू नका. कोणी काही चमत्कार दाखवला तर तो पुन्हा करून दाखवायला सांगा, डोळ्यांवर पट्टी बांधून करायला सांगा, मागे कोण उभं आहे ते बघा. आणि डॉक्टरने दिलेलं औषध कोणाच्याही हाताच्या स्पर्शावर सोडू नका, तो हात तुम्हाला कितीही आवडत असला तरी.