सत्त्याऐंशीच्या गावात चौसष्टची गाडी

माझ्या सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेचे नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. निम्म्या गावाला क्लच कधी सोडायचा हे त्यांनी शिकवलंय. मलाही त्यांनीच शिकवलं, त्यामुळे त्या घरात माझा मान जावयाचा कमी आणि ‘एल’ लावलेल्या गाडीचा जास्त.

त्यांच्या मागच्या खोलीत भलंमोठं टेबल आहे आणि त्यावर रेल्वेचं आख्खं गाव वसलंय. माप एकास सत्त्याऐंशी. त्या मापात उभा माणूस बोटाच्या पेराएवढा होतो. माझ्या मुलीला, टिल्लीला, आगगाडीपेक्षा मोटारींचं वेड. म्हणून आजोबांनी रुळांच्या शेजारून रस्ता टाकला. रस्त्याला मधोमध खाच, खाचेतून वीज, हातातला चाप दाबला की गाडी पळते आणि सोडला की थांबते. रस्ता एका ठिकाणी रूळ ओलांडतो, तिथे फाटक. आगगाडी आली की मोटार थांबवायची, हा त्यांचा खेळ.

गेल्या वर्षी मी हौसेने तसली एक गाडी विकत आणली होती. खोक्यावर ‘एचओ’ लिहिलेलं, रेल्वेच्या खोक्यावरही ‘एचओ’च. मास्तरांनी ती मोजमापाच्या व्हर्निअरमध्ये धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सिग्नल तोडलाय. “अक्षरं कोणीही वाचतं, जावईबापू. मोजून बघा. रेल्वेवाल्यांचा एचओ सत्त्याऐंशीचा, मोटारवाल्यांचा चौसष्टचा, म्हणजे मोठा. एवढ्या गाडीतून तुमचा स्टेशनमास्तर उतरणार की शिडीनं खाली येणार?” गाडी मुकाट्याने दुकानात परत गेली. मग स्वतः कानशीने घासघासून त्यांनी छोट्या मोटारी बनवल्या. टेबलावर एकही वस्तू मापाबाहेरची चालत नसे.

म्हणून परवा रविवारी सकाळी फाटकापाशी ती लाल मोटार पाहिली तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चौसष्टचीच होती. शेजारी प्लॅस्टिकचा स्टेशनमास्तर उभा, आणि मोटारीचं छप्पर त्याच्या टोपीच्याही वर. सापडले! मी लगेच म्हटलं, “बाबा, शिडी कुठे ठेवलीत?”

“चालतं हो,” ते म्हणाले.

एवढंच. माझं हसू जागच्या जागी विरलं. या माणसाच्या तोंडून ‘चालतं’ हा शब्द मी लग्नापासून ऐकला नव्हता. बायकोला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, “खोक्यावर तेच लिहिलेलं असतं ना? तुला त्यांची चूक सापडली की दिवाळखोराला लॉटरी लागल्यासारखं होतं.” मी परत येऊन खोलीच्या दारात उभा राहिलो.

टिल्लीने आगगाडी सोडली. मास्तरांच्या हातात मोटारीचा चाप. आगगाडी वळणावर आली, रुळांवर खडखड वाजली, मोटार फाटकाअलीकडे झकास थांबली. दुसऱ्या फेरीत टिल्ली तिच्या मैत्रिणीच्या मांजराची गोष्ट सांगू लागली आणि मोटार सरळ इंजिनावर आदळली. टिल्ली टाळ्या पिटायला लागली. “मुद्दामच केलं,” मास्तर म्हणाले. तिसऱ्या फेरीला ती गप्प होती, मोटार थांबली. चौथ्या फेरीला मांजर परत आलं आणि मोटार पुन्हा इंजिनात घुसली.

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते फाटकाकडे बघतच नव्हते. मान जराशी तिरकी करून ते कान देत होते.

 रोज सकाळी टिल्लीला शाळेत तेच सोडतात, आणि रविवारी पोहायलाही. आपल्या गाडीतून. आणि टिल्ली रस्ताभर बोलत असते.

“चला टिल्लीबाई, टॉवेल घ्या,” मास्तर उठत म्हणाले.

“आज मी नेतो,” मी म्हटलं. आवाज मलाच परका वाटला.

“तुम्ही? मागच्या महिन्यात रिव्हर्स घेताना भिंत घेतलीत.”

एरवी मी भडकलो असतो. पण राग यायला जागाच नव्हती, सगळी भीतीने व्यापली होती. टिल्ली पिशवी आणायला गेली. मी टेबलावरून एक जुनी छोटी मोटार उचलली, दुसऱ्या हातात ती लाल, आणि दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. “बाबा, यातली सत्त्याऐंशीची कुठली?”

त्यांनी हात पुढे केला. मी माझे हात मागे घेतले. “हात न लावता सांगा.”

चांगला निर्लज्जपणा होता तो. सासऱ्याची परीक्षा! त्यांनी ओरडावं, मला घराबाहेर काढावं, असं मला मनापासून वाटत होतं. ते ओरडले नाहीत. हळूच खुर्चीत बसले.

“छोटी दिसतच नाही,” ते म्हणाले. “मधोमध डाग आलाय. कडेनं दिसतं थोडं. मोठी असली की निदान रंग कळतो.”

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“दाखवलं. सुधारणार नाही म्हणाले. आत स्वयंपाकघरात सांगू नका.”

“आणि गाडी चालवता तुम्ही! पोरीला मागे बसवून!”

“हळू चालवतो. चाळीस वर्षांचा रस्ता आहे, पायांना पाठ आहे. बसच्या मागे मागे जातो. बस मोठी असते, दिसते. ती थांबली की मी थांबतो.”

“आणि बस वळली तर?”

 मी त्या थकलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो आणि मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी कीव आली, की मी हातातल्या दोन्ही मोटारी टेबलावर ठेवून दिल्या.

“मग मी असते की!” दारातून टिल्ली म्हणाली. ती कधी आली कळलंच नव्हतं. खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर मोठ्या माणसाचा तोरा. “बाबा, तुम्हाला माहीतच नाही. मी पुढे बसते आणि ब्रेक माझा असतो. मी ‘थांबा’ म्हटलं की आजोबा थांबतात. लाल दिवा मी सांगायचा, सायकलवाले मी सांगायचे. आमचं गुपित आहे.”

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

“काल मी मांजराचं सांगत होते ना,” टिल्ली म्हणाली, “म्हणून विसरले. एक बाई बाळाला घेऊन चालली होती. पण ती पळाली, बाबा. ती पटकन पळाली.”