हायड्रोजन कुठे ठेवायचा

बाबांची स्मरणशक्ती जातेय की नाही, यावरून आमच्या घरात दोन तट पडले होते. एकीकडे दादा, दुसरीकडे मी, आणि आई तळ्यात-मळ्यात.

बाबांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. हल्ली मात्र ते रिकामं पातेलं गॅसवर चढवून पेपर वाचत बसायचे. दादा म्हणाला, "डॉक्टरकडे नेण्याआधी आपणच बघू. आवर्तसारणी तर ते झोपेतही मांडतील." त्याने मूलद्रव्यांची कार्डं जेवणाच्या टेबलावर ओतली. वडिलांची परीक्षा घेणारे आपण कोण, म्हणून माझ्या मस्तकात तिडीक गेली. पण उत्तर मलाही हवं होतं.

बाबा भराभर मांडत गेले. हायड्रोजनचं कार्ड मात्र त्यांनी सोडियमच्या रांगेत वर ठेवलं, उचललं, क्लोरीनच्या रांगेत वर ठेवलं, पुन्हा उचललं.

"एक नंबरचं मूलद्रव्य, आणि तेच येईना!" दादा माझ्या कानात कुजबुजला.

"एकच इलेक्ट्रॉन आहे म्हणून इकडचा," बाबा पुटपुटले, "एकच कमी पडतो म्हणून तिकडचा. छे, धड इकडचाही नाही नि तिकडचाही नाही."

मी मोबाईलवर शोधलं. बाबांचं बरोबर होतं! यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. तेवढ्यात बाबांनी हेलियम निष्क्रिय वायूंतून उचलून मॅग्नेशियमच्या रांगेत नेला.

"हे तरी चुकलं ना?" दादाने विचारलं.

पुन्हा शोधलं. दोन इलेक्ट्रॉन आहेत म्हणून काहीजण तो तिथेही ठेवतात. लँथॅनम कुठे ठेवायचा, यावरूनही वाद. बाबा जिथे जिथे अडत, तिथे सगळं जगच अडलेलं. मला आनंद झाला, पण क्षणभरच. सारणीचाच असा घोळ, तर तिच्यावरून माणूस जोखायचा कसा?

आई इतका वेळ दारात उभी होती. तिला या रांगांतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती पुढे आली.

"अहो, ते राहू द्या. मी कोण, सांगा बघू."

बाबांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "याबाबत मतभेद आहेत," ते गंभीरपणे म्हणाले.

आम्ही खो खो हसलो. दादाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. आईची फिरकी घेतल्याशिवाय बाबांचा दिवस कधी गेला नव्हता. आम्हाला हसताना पाहून बाबाही हसले, जरा उशिरा.

आई हसली नाही. ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"बरं," ती म्हणाली, "तुमचं मत काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावावं तसं.