पहिल्या खाचेवर

खाचेत अडकलेला मातीचा वाळका खडा तिने नखाने उकरला आणि मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपची कडी फिरायला मोकळी झाली. कडीला पाच खाचा होत्या, जिन्यासारख्या एकीवर एक. एकटी असली की दुसरी, मागे बाटल्यांची पेटी असली की तिसरी, माणूस बसणार असला की चौथी… आज माणूस बसणार होता, चांगला ऐंशी-पंच्याऐंशी किलोंचा. तिने पाना लावला आणि कडी पहिल्या, सगळ्यात मऊ खाचेवर आणून ठेवली.

आता दोघांच्या वजनानेच स्प्रिंग दबून बसणार, मग खड्डा आला की दणक्याला दुसरीकडे जायला वाटच नाही. तो सरळ साहेबांच्या मणक्यात. वर तिने दोन्ही टायरांत हवा ठासून भरली. बसू दे साहेबांना एकदा हिसका!

साहेबांचा हिशेब चुकला आहे असं ती भर बैठकीत बोलून गेली होती, आणि आठवड्याच्या आत तिची बदली इकडे झाली होती—खाणीपलीकडच्या वस्त्यांवरच्या विहिरींचं पाणी तपासायला, काचेच्या बाटल्यांत नमुने भरून आणायला. पहिल्या दिवशी अकरातल्या सात बाटल्या फुटल्या. ‘निष्काळजीपणाबद्दल खुलासा करावा.’ मग ती हट्टाला पेटली. खाचा बदलून पाहिल्या, पुढच्या शॉकअपच्या नळ्यांत जाड ऑइल घातलं, हवा थोडी थोडी कमी करत रोज संध्याकाळी फुटक्या बाटल्या मोजल्या, आणि तीन महिन्यांनी एक बाटली फुटेल तर शपथ. तिथेच ती फसली. आई अंथरुणाला खिळली म्हणून तिने घराजवळ बदली मागितली, तर अर्जावर शेरा आला, ‘रस्ता वाहतुकीस योग्य. नमुने सुस्थितीत पोहोचतात.’ तीन अर्ज केले आणि तिन्ही वेळा तोच शेरा, साहेबांचं तेच वळणदार अक्षर… म्हणजे माझ्याविरुद्ध साक्ष दिली ती माझ्याच हातांनी! तिसरा शेरा आला तेव्हा आई अजून बोलत होती. वहिनीचा फोन आला तेव्हा ती शेवटच्या विहिरीवर होती, आणि ह्या रस्त्यावर जीव तोडून घाई केली तरी दोन तास लागतातच. ती दारात पोहोचली तोवर आई गेली होती.

साहेबांची मोटार नाल्यावरच्या खचलेल्या पुलापुढे जाऊ शकत नव्हती, म्हणून आधी ठरल्याप्रमाणे तपासणीला ते तिच्या मागे बसायला आले. शर्टाखाली दुखऱ्या कमरेला बांधलेला पट्टा दिसत होता. दया येईल की काय अशी तिला धास्ती होती, पण आली नाही.

“बेताबेतानं घ्या हं, बाई.”

“काळजी नको, साहेब. रस्ता योग्य आहे.”

पहिला खड्डा तिने चुकवला नाही. खाली लोखंडावर लोखंड आपटलं आणि मागून आवाज आला, “आई गं!”

ह्या माणसाने हा शब्द तोंडातून काढावा? ह्याने? मग तिने एकही खड्डा सोडला नाही. रोज टाळायचे ते सगळे तिला पाठ होते, आज एकेकाला ती भेटत गेली. प्रत्येक दणक्याला मागून तोच शब्द येत होता, आणि तिची स्वतःची हाडंही पहिल्या दिवसासारखी खिळखिळी होत होती, आणि तिला ते चालत होतं.

अर्ध्या वाटेवर साहेब म्हणाले, “थांबा… थांबा जरा.” कमरेवर हात ठेवून ते कसेबसे उतरले. चेहरा घामाने डबडबला होता.

“रोज ह्याच रस्त्यानं जाता?”

“चौदा महिने.”

“मला कल्पनाच नव्हती हो. बसल्या जागी शेरे मारत राहिलो मी. चुकलंच माझं.” त्यांनी कमरेचा पट्टा आवळला. “पुन्हा अर्ज करा. ह्या वेळी मी स्वतः लावून धरतो.”

‘चुकलंच माझं’ हेच वाक्य साहेबांच्या आवाजात तिने स्वतःला किती वेळा ऐकवलं होतं—भांडी घासताना, बाटल्या धुताना… आणि आता ते समोर उभं होतं, आणि त्याचं काय करायचं ते तिला सुचेना. बदली घेऊन जायचं कुठे? आईची खाट भावाने केव्हाच भिंतीला उभी लावली होती. शिवाय साहेबांना पटला तो रस्ता तरी कुठे खरा होता? तो तिने आज सकाळी पान्याने बनवला होता. नीट लावलेल्या गाडीवर त्यांना रस्ता योग्यच वाटला असता, ते तसंच म्हणाले असते, आणि तिला त्यांचा जन्मभर सुखाने राग करता आला असता. मेला चांगला निघाला! तिला त्यांना मारावंसं वाटलं.

“बसा,” ती म्हणाली. “अजून निम्मा रस्ता आहे.”

तिच्या खांद्याचा आधार घेत साहेब विश्वासाने मागे बसले, आणि गाडी पुन्हा दबली. वळणापलीकडे सगळ्यात खोल खड्डा होता. त्याला डावीकडून बगल देता येते हे ती झोपेतही सांगू शकली असती. तिने गाडी सुरू केली, आणि खड्डा दिसू लागला तरी आपण कुठून जाणार आहोत हे तिला ठाऊक नव्हतं.